टॅग

पहाटे साडेपाचला पाणी येतं.
कारेलीबागेतल्या या दुसऱ्या मजल्यावर
मी मोटर लावतो, आणि टाकी वाहू लागते,
खालून भावसारभाई ओरडतात,
"मोटर बंध करो ने, दादा!"
माझा हात बटणापाशी जाऊन थबकतो.
नक्की हेच ना?

केंद्राचं नाव सांगत नाही.
नदी होती, घुमट होता,
फाटकावर मोठ्या अक्षरांत सुरक्षेची शपथ होती,
आणि नियंत्रण कक्षात एक पिवळा टॅग होता,
पुठ्ठ्याचा, दोऱ्यानं बांधलेला: 'दुरुस्ती चालू'.
अक्षर माझंच. ऊकाराचं शेपूट
लांब ओढायची खोड शाळेपासूनची.
दुरुस्ती दुपारीच संपली होती. टॅग राहिला.
तो लोंबत होता एका दिव्यावर.
दिवा सांगत होता, झडप बंद आहे.
पुठ्ठा काहीच सांगत नव्हता.
मी पुठ्ठ्याचं ऐकलं.

मग घंटा. एक नव्हे, साठ एकदम.
भीती वाटली का, विचारतात लोक.
वाटली असती तर बरं झालं असतं.
मला वाटलं, मला समजलंय.
"आत पाणी जास्त झालंय," मी म्हणालो,
इतक्या ठाम आवाजात
की तिघांनी माना डोलावल्या
आणि मी पंप बंद केला.
ह्याच हातानं. ज्यानं आता चहा गाळतो.

पाणी आत आटत होतं.
पाणी कुणाला दिसत नाही तिथं, काटे दिसतात,
आणि काटे विचाराल तेवढंच बोलतात.

अकराव्या मिनिटाला
जेसिंग तडवीचं पेन पडलं.
छोटा उदेपूरचा पोरगा, नोकरीला तीन आठवडे.
पेन उचलायला वाकला,
खालून वर पाहिलं,
आणि म्हणाला, "सॉरी साहेब,
ह्या कागदामागं काहीतरी पेटलंय."
आधी सॉरी. मग बाकीचं.

तोवर बाहेर भोंगा झाला होता.
योजनेत वारा पूर्वेकडे वाहत होता,
त्या रात्री तो पश्चिमेकडे निघाला.
बसगाड्या उभ्या, इंजिनं चालू,
सहीसाठी थांबलेल्या.
आयोडीनच्या गोळ्या कपाटात,
कपाटाची किल्ली भांडारपालाच्या खिशात,
भांडारपाल इथं, वडोदऱ्यात, मांडवीजवळ,
मेहुणीच्या लग्नात गरबा खेळत.
एस्तेर ख्रिस्ती नावाच्या नर्सनं
सलाईनच्या दांड्यानं कुलूप फोडलं
आणि लुगड्याच्या ओच्यात गोळ्या घेऊन
उजाडेपर्यंत दारोदार फिरली.
तिला पुढे मेमो मिळाला.
सरकारी मालमत्तेचं नुकसान.

चौकशी अलकापुरीच्या विश्रामगृहात झाली.
मधल्या सुट्टीत शेवउसळ यायची, तिखट,
साहेब लोक डोळे पुसत प्रश्न विचारायचे.
अहवाल तीनशे बारा पानांचा.
कारण मात्र दोनच शब्दांचं: मानवी चूक.
मी वाद घातला नाही. चूक होती, माझी होती.
पण पेन पडलं हे त्यात कुठंच नाही.
एस्तेरचा दांडा परिशिष्टात आहे,
किमतीसकट.

संध्याकाळी विश्वामित्रीच्या पुलावर जातो.
मुलं कठड्याला लोंबकळून मगरी शोधतात,
प्रत्येक ओंडक्याला बोट दाखवून किंचाळतात,
"मगर! मगर!"
मोठी माणसं हसतात.
मी हसत नाही.
ही पोरं चुकतात,
पण चुकावं तर ह्या बाजूला.
मी ओंडका म्हणालो होतो.

जेसिंग आता शिफ्ट बघतो दुसऱ्या कुठल्या केंद्रात.
दिवाळीला फोन करतो,
अजूनही सुरुवात तशीच,
"सॉरी साहेब, झोपला होतात का?"
नाही रे, म्हणतो मी.
गेली एकोणीस वर्षं नाही.

पाणी जिन्यावरून उतरायला लागलंय.
थांबा भावसारभाई, एक मिनिट,
गुडघा दुखतो,
वाकून बघतो,
बटणाच्या खाली दिवा आहे एक छोटा.
मग बंद करतो.